कानाची पाळी : एका हस्तविद्येचा प्रवास

मराठीत 'सोनाराने कान टोचले' असा वाक्प्रचार आहे. सांगणारा अधिकारी असला म्हणजेच सांगितलेले पटते, असा त्याचा अर्थ. कान टोचणे ही साधी गोष्ट दिसते, परंतु तीतही अधिकार पाहावा लागतो, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. कान टोचण्याचा अधिकार सोनाराचा. मग टोचलेला कान फाटला, ओघळला, लोंबू लागला, तर तो नीट करण्याचा अधिकार कोणाचा? प्रश्न किरकोळ वाटेल. पण या एका प्रश्नाच्या मागे गेले असता आपल्या समाजात विद्या कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, कोठे लुप्त झाली आणि कोठे टिकली, याचा बराच उलगडा होतो, असे आम्हांस वाटते. म्हणून हा विषय आज घेतला आहे. त्यासाठी दूर जावयास नको. ज्याला १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत आणि आता रायगड म्हणतात, त्याच किनाऱ्यापासून आरंभ करू.

मुंबईहून होडीने तासाभरात घारापुरीला पोहोचता येते. हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. तेथील मुख्य लेण्यात सुमारे अठरा फूट उंचीची शिवाची त्रिमुखी मूर्ती आहे. सामान्यतः तिचा काळ सहावे शतक मानतात. पाहणाऱ्याचे लक्ष मुखावरच्या शांत भावाकडे जाते आणि तेच योग्य. परंतु क्षणभर मधल्या मुखाचे कान पाहावेत. पाळ्या चिरून, ताणून खाली ओढलेल्या आहेत. शिल्पकाराने हे मनाने रचलेले नव्हे. त्या काळी प्रतिष्ठित स्त्रीपुरुष कानांची भोके वाढवीत, त्यांत जड कुंडले घालीत, आणि लांब पाळी हे वैभवाचे लक्षण समजत. देवाला त्यांनी आपल्यातल्या श्रीमंतासारखे कान दिले.

बुद्धाच्या मूर्तीचा कान मात्र निराळी गोष्ट सांगतो. तोही लांब असतो, पण त्यात दागिना नसतो. राजपुत्राने कुंडले उतरवली, त्यांचा भार गेला, पाळी मात्र तशीच लोंबत राहिली. एकच लांब पाळी एका ठिकाणी ऐश्वर्याची खूण आणि दुसऱ्या ठिकाणी त्यागाची! शरीरावरची खूण एकच असली तरी तिचा अर्थ समाज लावतो, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता घारापुरी सोडून दक्षिणेस राजपुरीच्या खाडीकडे जाऊ. मांदाडजवळ कुडे येथे सव्वीस लेण्यांचा समूह आहे. इसवी सनाच्या आगेमागे तो कोरण्यास प्रारंभ झाला. खाडीतून गलबते येत, माल उतरे, घाटावरून तांडे येत. लेण्यांना दान देणाऱ्यांची नावे भिंतींवर कोरलेली आहेत. त्यांत महाभोजांच्या सेवेतली माणसे आहेत, माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. आणि एक वैद्यही आहे. त्याचे नाव सोमदेव. त्याचा बाप ऋषिरक्षित, तोही वैद्य. लेखात दोघांच्या नावांमागे प्राकृतात 'वेज' असा शब्द लावला आहे. सोमदेवाने आपल्या मुलांची व मुलींची नावेही लेखात घातली आहेत. वैद्याच्या अंगी डोंगरात लेणे कोरून देण्याइतकी ऐपत होती, आणि बापलेकांनी आपला धंदा अभिमानाने दगडावर नोंदवला होता. या किनाऱ्यावर वैद्यकीला त्या काळी हे स्थान होते.

सोमदेव कोणते उपचार करीत असे, हे लेख सांगत नाही आणि आपणही त्याच्या तोंडी काही घालू नये. पण ज्या शतकांत असे वैद्य लेणी कोरवीत होते, त्याच शतकांच्या आसपास सुश्रुतसंहितेला आजचे रूप येत होते. त्या ग्रंथाच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय मुख्यतः कानाला वाहिलेला आहे. प्रथम कान कसा टोचावा ते सांगितले आहे. बालकाचे रक्षण आणि भूषण असे दोन हेतू. वय सहावा किंवा सातवा महिना. मूल दाईच्या मांडीवर बसवावे, खेळणी दाखवून रमवावे, पाळी उन्हात धरावी म्हणजे निसर्गानेच नेमलेली पातळ जागा उजेडात दिसते, तेथेच टोचावे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. भलत्या शिरेवर सुई गेली तर काय होते, तेही सांगितले आहे. मग भोकात कापसाची वात घालावी आणि दर तीन दिवसांनी ती जाड करीत जावे.

वात जाड करीत गेले की भोक वाढते, आणि वाढवता वाढवता पाळी कधी फाटते. सुश्रुताने याची दोन कारणे दिली आहेत, शरीरातला दोष किंवा मार. दुसऱ्या एका अध्यायात पाळीच्या रोगांचे पाच प्रकार दिले असून त्यांतला एक जड अलंकारांनी होतो, असे स्पष्ट म्हटले आहे. 'सोन्याची सुरी म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही' असे आपण म्हणतो खरे, पण कानाच्या बाबतीत माणसाने सोन्याची सुरी हौसेने चालवून घेतली आहे!

फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार सुश्रुताने सांगितले. त्यांपैकी दहा साध्य आणि पाच असाध्य. पाळीचे दोन भाग सारखे असतील तर एक रीत, एक लांब व दुसरा आखूड असेल तर दुसरी. आणि पाळी मुळीच उरली नसेल तर? तर गालावरचे कातडे, मुळाशी जोडलेले ठेवून, म्हणजे जिवंत ठेवून, उचलावे व त्याची पाळी करावी. आजचे शल्यवैद्य ज्याला 'फ्लॅप' म्हणतात त्याचे मर्म 'जिवंत ठेवून' या शब्दांत आहे. कातडे मुळापासून तोडले तर रक्त बंद होऊन ते मरते. एका बाजूने जोडलेले राहिले तर नव्या जागी रुजेपर्यंत जुन्या जागेचे रक्त त्याला पोसते. कलम बांधणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे अधिक समजावून सांगावयास नको.

जोडण्याची कृतीही बारकाईने दिली आहे. कडा खरवडून किंवा कापून ताज्या कराव्यात, कारण बऱ्या झालेल्या कडा एकमेकींना धरत नाहीत. दोन्ही बाजू समपातळीत आणाव्यात. मध व तूप लावावे, कापूस किंवा फडके ठेवावे, दोऱ्याने फार घट्ट नाही व फार सैल नाही असे बांधावे, आणि वर खापराची पूड भुरभुरावी. मग रोग्याने काय टाळावे? धक्का, व्यायाम, फार जेवण, दिवसाची झोप, शेक आणि फार बोलणे! जबडा हलला की कान हलतो. तेव्हा हा शेवटचा नियम विनोदाने घातलेला नाही.

परंतु आमच्या मते या ग्रंथातले सर्वांत मोलाचे वचन कानाविषयी नाही, वैद्याविषयी आहे. ज्याला केवळ शास्त्र येते, हात चालत नाही, आणि ज्याचा केवळ हात चालतो, शास्त्र येत नाही, ते दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे होत, असे सुश्रुत म्हणतो. म्हणून शिष्याने माणसाला हात लावण्यापूर्वी सराव करावा. कान जोडण्याचा सराव कशावर? मऊ मांसाच्या तुकड्यांवर आणि कमळाच्या देठांवर. पुस्तक आणि हात, दोन्ही पंख पाहिजेत.

पुढे काय झाले? पक्ष्याचे दोन पंख दोन घरी गेले. रक्त, पू, मृत शरीर यांना हात लावणे विटाळाचे ठरत गेले. स्मृतींनी तर वैद्याच्या घरचे अन्नही अग्राह्य ठरविले. ज्यांच्या हाती पोथी होती त्यांनी शस्त्र खाली ठेवले आणि काढे, भस्मे, नाडीपरीक्षा यांत पारंगतता मिळवली. शस्त्र ज्यांच्या हाती उरले त्यांना पोथी वाचण्याचा अधिकार नव्हता. कान सोनाराने टोचावा, गळू न्हाव्याने फोडावे, बाळंतपण सुइणीने करावे, हाड हाडवैद्याने बसवावे, अशी वाटणी झाली. पोथी सुरक्षित राहिली, पण मुकी. हात बोलका राहिला, पण अनामिक.

या अनामिक हाताचा पुरावा १७९४ साली लंडनमध्ये छापला गेला. कावसजी या नावाचा एक मराठा बैलवाला १७९२ च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. नाव पारशी वाटते, पण लेखात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. एखाद्या मराठी नावाचे इंग्रजी कानाने केलेले हे रूप असावे. वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्याचे दोन डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. याच वेल्सने घारापुरीच्या लेण्यांचीही रेखाटने केली होती. हकीकत 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात आली.

कुंभाराची रीत अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून उरलेल्या थोटकावर बसवून पाहावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याभोवती रेघ ओढावयाची. त्या रेघेवरून कपाळाचे कातडे सोडवावयाचे, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवावयाची. ते कातडे पिळून खाली आणावयाचे आणि ताज्या केलेल्या कडांत बसवावयाचे. टाके नाहीत. फडक्यावर ओला कात लावून त्याच्या पट्ट्यांनी चिकटवावयाचे. चौथ्या दिवशी पट्ट्या काढून तुपात भिजवलेले फडके ठेवावयाचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापून टाकावयाची. विड्याच्या पानातला कात आणि स्वयंपाकघरातले तूप, एवढ्या सामग्रीवर माणसाला चेहरा परत मिळे.

आता सुश्रुताची रीत आणि कुंभाराची रीत शेजारी ठेवा. ताज्या कडा, जिवंत कातडे, तूप, मोजमाप, हे सारे दोन्हींकडे आहे. पण सुश्रुत कातडे गालावरून घेतो आणि कुंभार कपाळावरून. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कुंभाराने पोथीची नक्कल केली असती तर गालच घेतला असता. कपाळाचे कातडे जाड, रक्ताने भरलेले आणि नाकाला जवळ. शिवाय गालावर वण राहत नाही. म्हणजे पोथीबाहेर गेलेली विद्या नुसती तग धरून राहिली नव्हती. ती सुधारत होती. कोण्या अक्षरशून्य माणसाने पाहिले, विचार केला, आणि अधिक चांगले ते निवडले. सुश्रुताने पट्टीवर भुरभुरावयास सांगितलेली पूड खापराची होती आणि शेवटी ही विद्या सापडली ती कुंभाराच्या घरी. याला योगायोगच म्हणावे, पण तो लक्षात राहतो.

लंडनच्या कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने ही हकीकत वाचली, वर्षानुवर्षे मृत देहांवर सराव केला, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. युरोपातही ही विद्या पूर्वी नव्हती असे नाही. इटलीच्या ताल्याकोत्सीने १५९७ सालीच दंडाच्या कातड्याने नाक व कान दुरुस्त करण्यावर ग्रंथ लिहिला होता. पण ती रीत मागे पडली होती. हिंदुस्थानच्या बातमीने युरोपातल्या या शास्त्राला पुन्हा चालना दिली, हे तेथील इतिहासकारही मान्य करतात.

हे ऐकून आपली छाती फुगते. फुगावी, पण मग एक प्रश्नही विचारावा. त्या कुंभाराचे नाव काय? रोग्याचे नाव उरले. डॉक्टरांची उरली. चित्रकाराचे उरले. त्याच काळी पुण्यात इंग्रज वकील मॅलेट याच्यासाठी चित्रे काढणाऱ्या गंगाराम तांबटाचेही उरले, कारण त्याची चित्रे कागदावर होती. ज्याने नाक घडवले त्याची फक्त जात उरली. कुड्याच्या सोमदेवाचे नाव, त्याच्या बापाचे, मुलांचे, मुलींचेही नाव दीडदोन हजार वर्षे दगडावर राहते, आणि अवघ्या सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कुंभाराचे नाव लिहून ठेवावे असे पेशव्यांच्या पुण्यात, जेथे दफ्तरांचे ढीग होते, कोणासही वाटत नाही! 'आमच्याकडे सर्व होते' असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर दिले पाहिजे. होते, पण आपण त्याला विद्या म्हटले नाही.

आता पुन्हा किनाऱ्यावर येऊ. कुंडले गेली तरी कानावरचा भार गेला नाही. पाळीत कुडी किंवा कर्णफूल, वर बुगडी, कोणाच्या काप, कोणाच्या बाळ्या, झुबे. पुरुषाच्या कानात भिकबाळी. आगरी व कोळी बायकांच्या कानांतले सोने तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. हे केवळ नटणे नव्हे. ज्या घराचा मिळकतीचा भरवसा समुद्रावर, त्या घराची पुंजी बाईच्या अंगावर. होडी बुडाली, मिठागर वाहून गेले, तर गहाण टाकावयास तेच. स्त्रीधन म्हणून तिचे असे जे काही, तेही तेच. भार पेलण्यासाठी बायकांनी युक्तीही काढली. कानातल्याचे वजन केसांत अडकवलेल्या साखळीवर घेणारा वेल हा दागिना म्हणजे शोभेच्या रूपातला टेकू होय. तरी वर्षानुवर्षांच्या भाराने भोक ओघळते, तान्ह्या मुलाने ओढले की पाळी फाटते, चोराने हिसडा मारला की दोन फाके होतात.

आज याला उपाय सोपा आहे. पाळी तेवढी बधिर करतात, भोकाच्या बऱ्या झालेल्या कडा कापून ताज्या करतात, थरांनी टाके घालतात, कडेला खाच पडू नये म्हणून कधी सांधा नागमोडी करतात. जखम पुरती भरल्यावर काही महिन्यांनी नव्या जागी पुन्हा टोचतात. फार लांबलेली पाळी पाचरीसारखा तुकडा काढून लहान करतात. ज्यांच्या अंगावर वण फुगून गाठी होतात त्यांनी मात्र आधीच तसे सांगावे. यातल्या ताज्या कडा, समपातळी आणि जखम भरेपर्यंत थांबणे या तीन गोष्टी सुश्रुतापासून चालत आल्या आहेत. कोणी म्हणेल, ही तर श्रीमंतांची हौस. तसे म्हणणाऱ्यांनी पुढची हकीकत ऐकावी.

कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात. कानाची पाळी हा असाच थंड भाग. म्हणून तपासणीसाठी द्राव पाळीतून घेतात. रोग जुना झाला म्हणजे पाळी सुजते, जाड होते. औषधाने जंतू मरतात, सूज ओसरते, पण ताणलेले कातडे सुरकुतून लोंबत राहते. नाक बसते, भुवया जातात. माणूस बरा झालेला असतो; त्याच्यापासून कोणालाही धोका नसतो. परंतु गाव डॉक्टरचा दाखला वाचीत नाही, ते कान पाहते. घारापुरीच्या शिवाची लांब पाळी वैभव, बुद्धाची लांब पाळी वैराग्य, आणि याची लांब पाळी म्हणजे गावकुसाबाहेर! मघाशी जे ध्यानात ठेवा म्हटले ते हेच. बरा झालेला माणूस घरी परतू शकेल की नाही, हे बोटभर कातड्यावर ठरे.

ज्यांनी हे ओळखले त्यांत डॉ. नोशीर अंतिया हे एक. १९२२ साली जन्मलेल्या या शल्यवैद्यांनी इंग्लंडात सर हॅरोल्ड गिलीज यांच्या हाताखाली ही विद्या घेतली. परत आल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात बसलेली नाके, झुकलेल्या पापण्या, वाकलेली बोटे यांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी या शास्त्राचा विभाग उभारला. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली असाच विभाग काढला होता. ज्या पुण्याच्या परिसरात कुंभाराने बैलवाल्याला नाक दिले, तेथेच दीडशेहून अधिक वर्षांनी बहिष्कृतांना पुन्हा चेहरा मिळू लागला.

डॉ. अंतिया तेथेच थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. पण १९७० नंतरच्या दशकात ते आपल्या किनाऱ्यावर, अलिबाग तालुक्यातील मांडव्याच्या परिसरात आले. तेथे त्यांनी रुग्णालयाची इमारत बांधली नाही. खेड्यातल्या साध्या, फारसे न शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले. साधे आजार, गरोदर बाया, मुले, क्षय आणि कुष्ठ यांचे रोगी शोधणे, ही कामे त्या करू लागल्या. शेजारणीचा चट्टा शेजारणीला दिसतो, तो पाच मैलांवरच्या डॉक्टरला दिसत नाही. चट्टा वेळेवर दिसला, औषध वेळेवर मिळाले, तर पाळी लोंबत नाही आणि शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही. शल्यवैद्याने आपले शस्त्र अनावश्यक व्हावे म्हणून झटावे, ही थोरवी सामान्य नव्हे. या कामाला विरोधही झाला. बाईमाणसाच्या हाती औषध कसे द्यावयाचे, हा प्रश्न स्मृतिकाळापासूनचाच. त्याची भाषा तेवढी नवी होती. डॉ. अंतिया २००७ साली निवर्तले.

कायद्यालाही शहाणपण उशिरा आले. १८९८ चा महारोग्यांविषयीचा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद २०१९ साली निघाली. औषध मात्र कित्येक दशके आधीच सापडले होते.

या सर्व हकीकतीतून आम्ही एवढेच काढतो. सुश्रुताने सांगितलेल्या पक्ष्याचे दोन पंख आपणच दोन घरी वाटून दिले आणि मग तो उडत का नाही, याचा शोक करीत बसलो. पोथीवाल्याने कुंभाराला विचारले नाही, कुंभाराला पोथी कोणी दाखवली नाही, आणि मांडव्याच्या बाईला तर दोन्ही नाकारले होते. आज आपल्या गावात कोणाचा हात चालतो, कोणाला हाड बसवता येते, होडी बांधता येते, कलम जगवता येते, त्यांची नावे आपल्या शाळेच्या, नगरवाचनालयाच्या दप्तरी आहेत काय? नसतील तर लिहावयास घ्यावीत. कुंभाराच्या बाबतीत जे घडले ते पुन्हा न घडू देणे अजून आपल्या हाती आहे.